बगाडाचा मान आणि भोपळ्याचं भरीत

धाऊ विशे उपास करून जाडा झाला, असं किन्हवलीच्या बाजारात आज कोणी सांगितलं तर ऐकणारा म्हणेल, जा रे, थापा मारू नको. पण झाला. आणि त्यात त्याच्या बायकोचा, गिरजाचा, हात होता. चांगला कोपरापर्यंत तुपात बुडालेला हात होता.

नवे पैसे निघाले त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. धाऊच्या गावाला चैत्री पुनवेची जत्रा भरे आणि जत्रेत बगाड फिरे. बगाड म्हणजे माळावर रोवलेला उंच सागाचा खांब आणि त्याच्या टोकावर फिरता आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला माणूस बांधायचा, दुसऱ्या टोकाचे दोर गावाने खाली ओढायचे, की माणूस वर. मग पाच फेरे, भंडारा, हलगी, आरडाओरडा. जुन्या काळी पाठीत गळ टोचून टांगत. सरकारने ते बंद केल्यापासून छातीला आणि कमरेला शेला बांधतात. टांगून घ्यायचा मान विशे घराण्याचा. आजा टांगला, बाप टांगला, आणि बाप गेल्यापासून आठ वर्षं धाऊ टांगला जात होता.

आता अडचण अशी, की आजा आणि बाप दोघेही हाडकुळे, आणि दांडा त्यांच्या मापाचा. धाऊसुद्धा लग्नात मुंडावळ्यांच्या भाराने मान मोडेल असा होता. पुढे त्याला गिरजाच्या हातचा भात लागला. लागला म्हणजे काय, बाबा, आठ वर्षांत स्वारी दारातून आडवी होऊन आत यायला लागली. गेल्या साली तो वर जाताना दांडा असा करकरला, की हलगीवाले वाजवायचे थांबले. जत्रा उलगल्यावर गिरजा देवळामागे गेली. तिथं दांडा काढून ठेवला होता. तिनं त्यावरून हात फिरवला, आणि मधोमध एका जागी तिच्या बोटाचं पेर आत गेलं. भेग होती.

तिनं जयराम पाटलांना सांगितलं. पाटील गावचे पंच, देवळाचा कारभारही त्यांच्याकडेच. ते स्वतः आले, भेग पाहिली, गंभीरपणे मान हलवली आणि भेगेत शेंदूर भरला.

"आबा, नवा दांडा घडवा ना," गिरजा म्हणाली.

"देवाचं लाकूड हाय, पोरी. जुना झाला म्हणून देव बदलतो काय कोन?"

तेव्हापासून गिरजाला एकच गोष्ट हवी होती. नवरा जमिनीवर हवा होता. मान गेला खड्ड्यात. तिनं धाऊला तसं सांगूनही पाहिलं, एकदा गोडीत, एकदा भांडून.

"यंदा नाय म्हना ना. दुसऱ्या कोनाला जाऊ दे."

"विशे हाय मी," धाऊ म्हणाला. "माझा बाप तापानं फणफणत असताना वर गेला. मी धडधाकट, आनि नाय म्हनू? गावात तोंड कुठं दाखवू?"

यावर बोलणं संपलं. पुरुषमाणसाने तोंड कुठं दाखवायचं, हा प्रश्न निघाला की त्या गावात सगळीच बोलणी संपत.

पण दांड्याचं करकरणं सगळ्या गावाने ऐकलं होतं. होळी झाल्यावर पंच बसले आणि त्यांनी ठरवलं, की दांडा बदलायचा नाही, माणूस तोलायचा. देवळासमोरच्या चिंचेला एक वासा मधोमध बांधून लोंबता ठेवला. एका बाजूला भाताचं भरलेलं पोतं, आणि त्यावर देवळातली मोठी पितळी घंटा. दुसऱ्या बाजूला धाऊ. पोतं खाली राहिलं तर मान धाऊचा. पोतं वर गेलं तर मान त्याचा चुलतभाऊ गणू याचा. गणू हा सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस, वारा सुटला की भिंतीच्या कडेने चालणारा. पंचांचं बोलणं पुरतं व्हायच्या आत तो मानाचं धोतर धुवायला ओढ्यावर गेला होता.

धाऊ वाशाला लोंबकळला. पोतं सरसर वर गेलं आणि घंटा ठण्णकन वाजली.

"हरकत नाय," पाटील म्हणाले. "पुनवेला महिना हाय. उपास धर. कडक धर. मधी परत तोलू."

धाऊने उपास धरला. गिरजाला त्यातलं काही आवडलं नव्हतं, पण उपास देवाचा होता. देवाच्या कामात कसूर करणारी ती नव्हती. आणि नवरा अशक्त होऊन वरून भोवळ येऊन पडला तर? म्हणून तिनं उपास जोरात करायचा ठरवला.

एरवी त्या घरात जेवण ते काय, नाचणीची भाकर, भात, वर पातळ आमटी. उपासाला यातलं काही चालेना. उपासाला चालतो बटाटा. मुरबाडच्या बाजारात कल्याणहून बटाटा यायचा, तो गिरजाने गोणपाटाच्या पिशवीत भरून आणला. उकडला, सोलला, गरम असतानाच हाताने कुस्करला. कोरडा गिळवत नाही म्हणून म्हशीचं दूध घातलं. नुसतं दूध पचत नाही म्हणून तूप घातलं. मग जिरं, मिरची, आणि दम टिकावा म्हणून शेंगदाण्याचं कूट. धाऊने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "उपास लय कडक हाय गो." आणि ताट पुढे केलं.

तो सकाळी उपास करी, दुपारी उपास करी, तिन्हीसांजेला पुन्हा उपास करी. शेतात जाताना फडक्यात बांधून उपास घेऊन जाई.

पुढच्या तोलाला पोतं पहिल्यापेक्षा जोरात वर गेलं. घंटा दोनदा वाजली आणि चिंचेवरचे कावळे उडाले. उपासाने माणूस वाढतो, हे कोणी पाहिलं नव्हतं. मंगळू भगताने तर कानाला खडा लावला आणि स्वतःचा सोमवार सोडून दिला.

गिरजा मात्र गर्दीच्या मागे उभी राहून त्या लोंबत्या पोत्याकडे बघत राहिली. अगो बाई! असं आहे होय? आता तिला उमगलं. नवरा जमिनीवर ठेवायचा तर भांडायची गरजच नव्हती.

पाटलांनी पुष्कळ विचार केला आणि निकाल दिला. "दोष बटाट्याचा हाय. बटाटा जड. मातीच्या पोटातला ना! त्याच्या जागी हलकं कायतरी दे, गिरजा."

"देते, आबा," गिरजा म्हणाली, आणि पदर नीट केला.

हलकं काय, ते विचारायला ती गावाबाहेरच्या वाडीवर ठकूकडे गेली. ठकू रानातले कंद आणि परसातल्या भाज्या भाताच्या बदल्यात देई. तिच्या दारात करांदे होते, सुरण होता, कच्ची केळी होती, आणि छपरावर लाल भोपळे.

"भोपळा ने," ठकू म्हणाली. "भोपळा म्हंजे पानी. पानी पिऊन कोन जाडा झालाय?"

गिरजाचं तोंड उतरलं. "येवढा हलका असतो?"

"हलका म्हंजे? दुपारी खाल्ला तर तिन्हीसांजेला इसरतो मानूस. बाय, तुला जाडा करायचाय का बारीक?"

गिरजा भोपळा उचलून हाताने तोलू लागली. ठकूने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि भोपळ्याबरोबर नारळही टोपलीत टाकला.

भोपळा उकडून कुस्करला तर भरीत दिसायला बटाट्यासारखंच, फक्त पिवळं. धाऊने त्यात बोट फिरवलं आणि चाखलं. त्याचा चेहरा बघून गिरजाला भडभडून आलं. तिनं त्यात तूप सोडलं. तूप दिसू लागलं म्हणून खोबरं किसून घातलं, खोबरं कोरडं लागेल म्हणून साय, साय आंबट म्हणून गूळ. दुसऱ्या दिवशी कच्ची केळी उकडून कुस्करली, ती मिळून येईनात म्हणून दाण्याचं कूट घातलं. सुरण घशाला खाजतो म्हणून आमसुलात उकडला आणि खाज पुरती जावी म्हणून तुपात परतला. करांद्याचा कडूपणा दुधाने मारला. बटाट्याचा मात्र एक तुकडा घरात येऊ दिला नाही. शब्द म्हणजे शब्द.

धाऊ ओटीवर बसून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडे, "आज पन नुसता भोपळा! मरतो मी आता!" आणि मिशीवरचं तूप पुसून पुन्हा आत येई.

एक दिवस पाटील स्वतः तपासायला आले. गिरजाने वाटी पुढे ठेवली. त्यांनी बोटभर चाखलं.

"हा भोपळा?"

"भोपळाच, आबा."

"बटाटा नाय ना यात?"

"देवाशपथ नाय."

"हलका हाय," पाटील म्हणाले आणि वाटी पुसून खाल्ली. मग ते रोजच तपासायला येऊ लागले. पुनव जवळ आली तेव्हा त्यांच्या बाराबंदीचे बंद बांधायला सुनेला बोलवावं लागे.

जत्रेच्या आदल्या दिवशी शेवटचा तोल झाला. सगळा गाव चिंचेखाली. गणू धुतलेलं धोतर नेसून तयार. धाऊने देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि वाशाला लोंबकळला. पोतं वर जाऊन फांदीला टेकलं. पाय जमिनीला लागून धाऊ उभाच राहिला आणि घंटा वाजत राहिली.

"देवाची मर्जी," पाटील म्हणाले. गणू आनंदाने रडायलाच लागला आणि पाटलांच्या पाया पडला. कोणीतरी मागून म्हणालं, "दांडा नाय मोडला, धाऊचा मान मोडला." लोक हसले.

गिरजाने देवापुढे नारळ फोडला. जे हवं होतं ते मिळालं होतं. पण धाऊ घरी आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. जेवला नाही. ती आत-बाहेर करत राहिली. गाव हसला ते तिला लागलं नव्हतं. हा गप्प बसला होता ते लागलं. आपण नवऱ्याला वाचवलं की गावाच्या पायाशी नेऊन टाकलं, हेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी बगाड उभं राहिलं. गणूला शेल्याने बांधलं. धाऊ दुसऱ्या टोकाला, दोर ओढणाऱ्यांत. हलगी कडाडली, दोर ताणले आणि गणू वर गेला. दांड्याने हूं की चूं केलं नाही. गणू वरून दोन्ही हातांनी भंडारा उधळत होता, ह्याला हाक मार, त्याला हाक मार, "तुझं छप्पर शाकार रे!" म्हणून ओरडत होता. खाली धाऊ दोर धरून वर बघत होता, आणि त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

गिरजाला ते बघवलं नाही. घरी जायच्या वाटेवर, जत्रेतून परतणारे लोक पुढेमागे असतानाच, तिनं त्याला गाठलं.

"अवो, माझ्या हातून पाप झालं. तो भोपळा..."

"तूप," धाऊ पुढे चालता चालता म्हणाला.

"काय?"

"भोपळ्याला तूप सुटत नाय गो. माझी आय पन भोपळा करायची."

गिरजा वाटेतच थांबली. "ठाऊक होतं? मंग खाल्लात कशाला?"

धाऊही थांबला. मागचे लोक त्यांना वळसा घालून पुढे गेले. ते पुरते लांब जाईपर्यंत तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"वर गेलो ना, की मी डोळे मिटून घेतो," तो हळू म्हणाला. "पयल्या सालापासून. खाली येईपर्यंत उघडत नाय. लोक इचारतात, वरून गाव कसा दिसतो रे धाऊ? मी सांगतो, लय झकास. मी पायलाच नाय गो कवा. आज तो गन्या हसत व्हता वर. छपरं बघत व्हता. मला वाटलं, हे आसं आसतं व्हय."

एवढी वर्षं ती खाली उभी राहून जीव मुठीत धरत होती, आणि हा वर. दोघांनी एकमेकांना एक शब्द सांगितला नव्हता.

तिनं भर रस्त्यात त्याचा हात धरला. त्या गावात बाईने नवऱ्याचा असा हात धरलेला कोणी पाहिला नव्हता. मागून जयराम पाटील येत होते. ते थबकले आणि खाकरले. धाऊ हात सोडवून घेईल असं तिला वाटलं. त्यानं सोडवला नाही.