एकशे बारा नंबरचं टोकन

जाळीखालून धाकटीनं पितळी टोकन आत सरकवलं आणि हात लगेच मागे घेतला. कारकुनानं ते उजेडात धरून आकडा वाचला. एकशे बारा. चौदा महिने झाले, म्हणाला. अठरा झाले की आम्ही सगळं नष्ट करतो, वेळेत आलात. टोकन तुमचंच का, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं थोरल्या बहिणीच्या मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं. त्यानं दाखला वाचला, होता तसा घडी करून परत दिला आणि कपाटाकडे गेला.

दोन राज्यांच्या सीमेवरचा हा नाका. अलीकडे मिरचीचा स्प्रे कुणीही खुशाल पर्समध्ये बाळगावा, पलीकडे त्याला परवाना लागतो. परवाना नसेल तर तो इथे जमा करायचा, टोकन घ्यायचं आणि परतताना सोडवून न्यायचा. ताईला हा नियम सांगितला तो धाकटीनंच. ती वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट. अकरा वर्षं लोकांचे दावे टाइप करून कायदा तिच्या अंगात भिनला होता. ताई वजनकाटे दुरुस्त करायची आणि महिन्यातून एकदा पलीकडच्या गोदामांतले मोठे काटे तपासून यायची. स्प्रेसकट सापडलीस तर काम जाईल आणि वर खटला मागे लागेल, असं धाकटीनं तिला बजावलं. नुसतं बजावून तिचं समाधान झालं नाही. पलीकडे स्वसंरक्षणासाठी काय काय चालतं याची यादी टाइप करून तिनं ती ताईच्या अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. शिट्टी, टॉर्च, छत्री.

यादी वाचून ताईची हसून पुरेवाट झाली. चोराला ऊन लागू नये म्हणून छत्री धरू का त्याच्या डोक्यावर, म्हणाली. त्या दिवसापासून धाकटीचं नाव पडलं वकीलबाई.

ताईचा शेवटचा फोन आला तो याच नाक्यावरून.

"जमा केला गं, वकीलबाई. टोकन एकशे बारा. आता सुखानं जेव."

त्या संध्याकाळी गोदामाकडून बसस्टँडला जाणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी ताईला गाठलं. कोण, ते अजून कळलेलं नाही. तेव्हापासून धाकटीला ती रोज दिसायची, त्याच रस्त्यावर, दोन्ही हात रिकामे. कंगवा फिरवताना आरशात दिसायची, कीबोर्डवरून नजर उचलली की समोर असायची. जेवायला बसलं की ते 'सुखानं जेव' कानात यायचं आणि घास हातातच राहायचा. आईनं एका शब्दानं बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

आज ती पलीकडेच निघाली होती. ताईची पेटी गोदामाच्या वॉचमननं जपून ठेवली होती, ती आणायची होती. रस्ता तोच. पर्समध्ये कालच घेतलेला स्प्रे होता आणि ताईची वस्तू सोडवली की तोही नियमाप्रमाणे जमा करायचा, हे ठरलेलं होतं.

कारकुनानं लाखेची मोहोर असलेली कापडी पिशवी समोर ठेवली. उघडून बघा आणि मग सही करा, म्हणाला.

आत निळसर प्लॅस्टिकची बाटली होती, लेबल खरवडून काढलेली. धाकटीनं ती नाकाशी नेली. लिंबाचा वास आला. हा वास तिच्या ओळखीचा होता. ताईच्या ओढणीला, पिशवीला, हातांनासुद्धा तो यायचा. काट्यांच्या काचा पुसायचं पाणी होतं ते.

ताईनं स्प्रे जमा केलाच नव्हता.

मग तो गेला कुठे? पोलिसांनी परत दिलेल्या वस्तूंची यादी धाकटीनंच टाइप केली होती. रुमाल, टोकन, किल्ल्या, तेलाची डबी एक, रिकामी. पोलिसांनी तसं लिहिलं म्हणून तिनंही तसंच टाइप केलं. काट्यांची कामं करणाऱ्या बाईजवळ तेलाची डबी असायचीच. ती डबी हातात घेतली त्या दिवशी तिच्या डोळ्यांची आग आग झाली होती. आईच्याही. दोघींना वाटलं, रडून रडून झाली.

डबीत तेल नव्हतंच, स्प्रे होता, आणि ती रिकामी होती. म्हणजे शेवटपर्यंत वापरली होती. ताई रिकाम्या हातांनी उभी नव्हती. तिनं वकीलबाईचं ऐकलं नव्हतं, फक्त वकीलबाईच्या घशाखाली घास उतरावा म्हणून टोकन घेतलं होतं. धाकटीच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि पाठोपाठ वाटलं, हातात असूनही ती वाचली नाही. आता दोष द्यायला मी स्वतःसुद्धा उरले नाही. तिनं खिडकीची कड घट्ट धरली.

"वस्तू बरोबर आहे ना?" कारकुनानं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर ताईची लबाडी कागदावर आली असती.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

पलीकडे जायचंय का, असं त्यानं विचारलं. तिनं मान डोलावली. मग त्यानं जमा करण्यासारखं काही आहे का ते विचारलं; हा प्रश्न तो दिवसातून शंभरदा विचारत असणार.

धाकटीचा हात पर्सकडे गेला आणि तिथंच थांबला. दुसऱ्या हातानं तिनं तीच निळसर बाटली जाळीखालून आत सरकवली.

कारकुनानं बाटली उचलली. झाकणाजवळ नाक नेलं. क्षणभर तो तिच्याकडे बघत राहिला, मग मान खाली घालून रजिस्टरात सावकाश लिहू लागला. स्प्रे, एक. लिहून झाल्यावर एकशे बारा नंबरचं टोकन त्यानं पुन्हा तिच्याकडे सरकवलं.

"परतताना न्यायला या," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "याच."

बाहेर ऊन रणरणत होतं. फाटकापाशी उभं राहून धाकटीनं आईला फोन लावला. एक हात पर्समध्ये होता.

"जमा केला गं, आई," ती म्हणाली. "आता सुखानं जेव."