टपालाचा बोया

लेटी टॉलसनला बोट लागली. हेरन बेटावर ही बातमी पोचली असती, तर तिच्या ऑर्फामावशीने आठ दिवस दाराबाहेर तोंड काढलं नसतं.

टॉलसनांच्या घरात आजवर कुणाला बोट लागली नव्हती. चेसापीक उपसागरातल्या त्या चिमूटभर बेटावर पोरं चालायच्या आधी होडीत बसतात. लेटी आठ वर्षांची झाली आणि मावशीच्या होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, हातात लांब आकडा घेऊन उभी राहायला लागली. खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे बोये पाण्यावर तरंगत असत, ते ओढून घ्यायचे तिने. दिवसाला दोनशे पिंजरे, पाऊस असो की ऊन. आणि आता एवढ्या मोठ्या युद्धनौकेवर, जिच्यावर कपातली कॉफीसुद्धा सांडत नाही, पोरगी दुसऱ्याच दिवशी बादलीत डोकं घालून बसली होती.

"छोटी होडी नाचते," ती ट्रास्क नावाच्या खलाशाला समजावत होती. "हे जहाज झुलतं. ते वेगळं असतं."

"असेल, बाईसाहेब," ट्रास्क म्हणाला. "तेवढी बादली धुऊन आणा, झुलत झुलत."

नौसेना अकादमीत पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात चार आठवडे पोरांना जहाजावर धाडतात. साहेब म्हणून नव्हे. सगळ्यात खालच्या खलाशासारखं झोपायचं, एकावर एक तीन बिछाने, वरच्याचा पाय खालच्याच्या नाकाशी. त्याच्याच रांगेत ताट घेऊन उभं राहायचं, त्याच्याबरोबर गंज खरवडायचा आणि रंग लावायचा. ज्यांना पुढे जन्मभर हुकूम सोडायचे आहेत त्यांनी आधी हुकूम झेलून बघावेत, म्हणून ही सगळी खटपट. प्रत्येक मिडशिपमनला, म्हणजे अकादमीच्या विद्यार्थ्याला, एक खलाशी जोडून देतात. तो उठला की उठायचं, तो बसला की बसायचं. लेटीच्या वाट्याला ट्रास्क आला. तेवीस वर्षांचा, नेब्रास्काचा. एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्याने गुरांच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं, आणि त्याला एकदाही बोट लागली नव्हती. देवालासुद्धा कधीकधी डोकं नसतं.

लेटीच्या छातीवरच्या खिशात एक बंद पाकीट होतं. त्यातलं पत्र मावशीला होतं, आणि त्यात लिहिलं होतं की मी अकादमी सोडून परत येतेय. गणितात ती एकदा नापास झाली होती आणि दुसऱ्यांदा कशीबशी सुटली होती. खोलीतल्या मुली तिच्या बेटावरच्या बोलण्याची नक्कल करायच्या. दुसरं वर्ष संपेपर्यंत सोडून जायला कुणी अडवत नाही, मग उगाच कशाला ताणायचं? पण हे फोनवर मावशीला सांगायचं कुणी? मावशी चौथी शिकलेली, अक्षरावर बोट ठेवून हळूहळू वाचणारी. पत्र वाचून होईपर्यंत तिचा अर्धा राग निवेल, असा लेटीचा अंदाज होता. अर्धा तरी.

म्हणून तिसऱ्या दिवशी तिने ट्रास्कला विचारलं, "इथून टपाल कधी जातं?"

ट्रास्क रंगाचा ब्रश पुसत होता. त्याचा हात थांबला, डोळ्यांत काहीतरी चमकलं. लेटीला ते दिसलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "उद्या टपालाचा बोया येतो ना. नाळेवर एक माणूस उभा करावा लागतो, आकडा घेऊन. नेमका त्या कामाचा पोरगा आजारी पडलाय."

आता ही जुनी थट्टा आहे. प्रत्येक जहाजावर प्रत्येक नव्या माणसाला नसलेला बोया शोधायला उभं करतात, आणि बहुतेकांना थोडा तरी संशय येतो. भर समुद्रात टपाल कोण ठेवणार? पण लेटीला संशय आला नाही. येणार कसा? हिवाळ्यात खाडी गोठते किंवा वारा पिसाळतो, तेव्हा टपालाची बोट हेरन बेटाच्या धक्क्याला लागू शकत नाही. मग तिचा कप्तान मेणकापडाची पिशवी बाहेरच्या लाल बोयाला बांधून जातो, आणि जो पहिला होडी काढेल तो ती आकड्याने ओढून आणतो. अकादमीचं पत्रसुद्धा तसंच आलं होतं. लेटीने स्वतः ओढलं होतं ते, बोटं बधिर झाली होती.

"मी उभी राहते," ती म्हणाली. "आणि आपली जाणारी पत्रंही त्यालाच बांधायची ना?"

ट्रास्क क्षणभर गोंधळला. इतकं बारीक आजवर कुणी विचारलं नव्हतं. "हो... अर्थात. त्यालाच."

लेटीने पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हेल्मेट चढवलं, लाइफ जॅकेट बांधलं, कमरेला दोर अडकवला. हातात बारा फुटी आकडा, गळ्यात दुर्बीण. दर दहा मिनिटांनी कुणीतरी ओरडून विचारायचं, "दिसला का बोया?" आणि ती ओरडून सांगायची, "अजून नाही!" मागे खलाशी एकेक करून यायचे, फोनवर तिचा फोटो काढायचे आणि तोंड दाबून परत जायचे. वर पुलावर, जिथून जहाज हाकतात तिथे, कप्तानसाहेब कॉफी पीत उभे होते. त्यांनीही बघितलं आणि काही बोलले नाहीत.

लेटीचं तिकडे लक्षच नव्हतं. वारा नैर्ऋत्येचा, लाटा लांब आणि सपाट. अशात बोया आला तर तो उजव्या अंगानेच येणार. पाय फाकवून ती उभी होती आणि दुसऱ्या दिवसापासूनची ओकारी कुठे गेली ते तिलाही कळलं नाही.

दोन तासांनी जेवणघरातला आचारी एप्रन बांधून आला, डोक्यावर कागदाची टोपी. टोपीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं : पोस्टमन. त्याने सलाम ठोकला आणि एक केळं तिच्या हातात दिलं.

"रजिस्टर्ड आहे, बाई. सही लागेल."

मागे चाळीसएक माणसं एकदम हसली. पत्र्याचं जहाज दणाणलं.

लेटी लाल झाली. हेल्मेट काढून तिने थेट ट्रास्कच्या पायांशी टाकलं.

"माझं पत्र कुठंय?"

"अहो, ठेवलंय. बाईसाहेब, गंमत होती. सगळ्यांचीच करतात. माझी केली तेव्हा मी पाच तास..."

"त्या पत्रात लिहिलंय की मी हे सगळं सोडून घरी जातेय!" ती ओरडली. "आता हसा! पोटभर हसा!"

कुणी हसलं नाही. आचाऱ्याने हळूच टोपी काढली. ट्रास्कच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने पाकीट शर्टातून काढलं, पण तोवर लेटी खाली निघून गेली होती. मग तो ते घेऊन चीफ ग्रँडबेरीकडे गेला, कारण काही चुकलं की पोरं तिच्याकडेच जायची.

चीफ ग्रँडबेरी डेकवरच्या सगळ्या माणसांची आई आणि सासू, दोन्ही होती. बावीस वर्षं समुद्रावर. आवाज असा की वारा गप्प बसावा. तिने पाकीट उलटसुलट बघितलं, उघडलं नाही, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाली, "बंदरात लागेपर्यंत इथे राहील. आणि ट्रास्क, त्या पोरीशी उद्यापासून माणसासारखा वाग."

"माणसासारखाच वागत होतो, चीफ."

"तेच तर दुखणं आहे."

आठवडा तसाच गेला. लेटी काम करायची, बोलायची नाही. ट्रास्क तिच्यासाठी कॉफी आणायचा, ती प्यायची, पण आभार मानायची नाही.

मग एका दुपारी भोंगा वाजला. माणूस पडल्याचा सराव होता. ऑस्कर नावाचं एक नारिंगी कापडी बुजगावणं आहे जहाजावर, त्याला पाण्यात फेकतात आणि मग तो खरा माणूस समजून सगळे धावतात. रबरी होडी खाली सोडली. होडीत सुकाणूवर तांडेल, पाण्यात उडी घ्यायला एक पोहणारा, नाळेवर आकडा घेऊन ट्रास्क, आणि बघायला म्हणून लेटी. मिडशिपमनने हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

वारा वाढला होता. तांडेलाने वारा पाठीशी घेऊन होडी ऑस्करवर घातली. होडी पुढे ढकलली गेली, ट्रास्कचा आकडा पाण्यात आपटला, ऑस्कर होडीखाली गेला आणि मागून वर आला. दुसऱ्यांदाही तेच. वर जहाजावर कुणीतरी मिनिटं मोजत होतं.

"असा नाही!" लेटीच्या तोंडून निघून गेलं. "वाऱ्याच्या विरुद्ध ये! खालच्या अंगाने फिरव, जवळ आलास की इंजिनाचा जोर सोड, होडी आपोआप थांबते!"

तांडेल बावचळला, पण त्याने सुकाणू फिरवलं. होडी हळू झाली. लेटीने ट्रास्कच्या हातातला आकडा अक्षरशः ओढून घेतला, गुडघा रबरावर टेकला, आणि दोनशे पिंजऱ्यांसारखा दोनशे एकावा बोया. एक झोका, एक हिसका. ऑस्कर होडीत.

ट्रास्क भिजलेल्या बुजगावण्याकडे बघत राहिला. "हे कुठं शिकलात?"

"बोये येतात आमच्याकडे," लेटी म्हणाली. "खरे."

वर आल्यावर आचाऱ्याने तिच्या पाठीवर असा दणका दिला की ती दोन पावलं पुढे गेली. पण चीफने बोटानेच बोलावलं, दोरांच्या कोठीत.

"होडीत तुझं काम काय होतं?"

"बघायचं, चीफ."

"तू काय केलंस?"

"तांडेलाला सांगितलं. आणि आकडा हिसकावला."

"पाण्यात खरा माणूस असता आणि होडीत दोन तोंडं दोन हुकूम देत असती, तर तो मेला असता. कळलं?"

"हो, चीफ."

"तू सांगितलंस ते बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणून जास्त वाईट वाटतंय मला." चीफ एका दोरांच्या भेंडोळ्यावर बसली. "तू कोळणीसारखी ओरडलीस. तांडेलाने ऐकलं, कारण तो घाबरला. साहेबाचं ऐकताना माणूस घाबरू नये, त्याचं काम सोपं व्हावं. ते शिकायला वेळ लागतो. तुला तीन वर्षं आहेत. होती. काय ते तू ठरव."

लेटीने पायाशी लोंबणारा दोर उचलून गुंडाळायला घेतला.

"एक सांग," चीफ म्हणाली. "तीन वर्षांनी तू वर पुलावर उभी आहेस. खाली नाळेवर अठरा वर्षांचं एक पोर हेल्मेट घालून टपालाचा बोया शोधतंय. तू काय करशील? थांबवशील?"

लेटीला कप्तानसाहेबांचा कॉफीचा कप आठवला.

"अर्धा तास उभं राहू देईन," ती म्हणाली. "हसतील ते हसू देत. मग खाली जाऊन स्वतः त्याला कॉफी नेऊन देईन. आणि त्याच्याबरोबर उभी राहून बघेन की त्याचे डोळे किती लांबचं बघतात. बिचारा तेवढा वेळ खरंच पहारा देत असतो. दुसरं कुणी देत नाही."

चीफने तिच्याकडे नीट बघितलं. "मला बावीस वर्षांत हे सुचलं नव्हतं," ती पुटपुटली आणि लगेच आवाज चढवला. "आता जा! ऑस्कर वाळत घाल. होडीत आणलंस ना, मग ते पोर तुझंच."

चार आठवडे संपले. नॉरफोकच्या धक्क्यावर दोर पडले, उन्हाने डांबराचा वास येत होता. चीफने पाकीट लेटीच्या हातात ठेवलं. त्यावर रंगाचा एक डाग पडला होता.

"धक्क्याच्या टोकाला निळी पेटी आहे," ती म्हणाली. "पत्र तुझं आहे. मला त्यात बोलायचं नाही." आणि दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला निघून गेली.

लेटी पिशवी खांद्यावर टाकून पेटीपर्यंत गेली. ट्रास्क तिची दुसरी पिशवी घेऊन मागे होता. तिने पेटीचं झाकण ओढलं. धरून ठेवलं. सोडलं.

"ट्रास्क."

"काय, बाईसाहेब?"

"हे ठेव." तिने पाकीट त्याच्या छातीवर दाबलं. "पुढचा टपालाचा बोया आला की त्याला बांध. विसरू नकोस."

ट्रास्कला समजायला दोन क्षण लागले. मग तो ताठ उभा राहिला आणि सलाम केला. त्याने असा सलाम तिला चार आठवड्यांत एकदाही केला नव्हता.

"येताच बांधतो, मॅडम."

बससाठी उभी असताना तिने घरी फोन लावला. पलीकडे खेकडे शिजत असल्याचा आवाज आला, झाकण आपटल्याचाही.

"मावशी, एक सांगायचंय. मला बोट लागली."

झाकणाचा आवाज थांबला. मग, "टॉलसनाला?"

"हो."

"कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी. जहाजभर माणसांनी."

ऑर्फामावशीने मोठा श्वास सोडला. "मग झालं. लपवायला काही राहिलं नाही, आता नीट शिकशील. बेटावर मात्र बोलू नकोस, माझी इज्जत आहे. आणि ऐक, सुट्टीला येताना तिकडच्या बाजारात चांगला आकडा मिळतो का बघ. आपला वाकलाय."