नत्थुजी जेवायला बसले

आमच्या गावात नत्थुजींना वाढताना सगळ्यांनी पाहिलं होतं, जेवताना कोणीच नाही. मारोतीचा भंडारा असो, लग्न असो की तेरवी, नत्थुजी सगळ्यांच्या आधी येऊन चूल पेटवत आणि सगळ्यांच्या मागून, घासलेली भांडी पालथी घालून घरी जात. वलगावच्या पुढे पेढी नदीच्या काठाला त्यांचा वांग्यांचा आणि झेंडूचा मळा आहे. गावात कार्य निघालं की मळा बायकोवर, गोदाबाईंवर सोपवायचा, खांद्यावर पंचा टाकायचा आणि घरची लांब दांड्याची पळी घेऊन निघायचं, हा त्यांचा शिरस्ता. परतताना तिच्यासाठी निखाऱ्यात भाजलेला एक रोडगा पंच्यात बांधून नेत. त्याखेरीज त्यांनी गावाकडून काही घेतल्याचं मला आठवत नाही.

यंदा पौषातल्या भंडाऱ्याची बैठक देवळाच्या ओट्यावर भरली, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष शेषराव म्हणाले, "नत्थुजीचा सत्कार करू. शाल, नारळ, चार शब्द. मानसाचे गुडघे गेले सेवा करता करता. पुढच्या सालापासून त्यायले तरास नाही देनं."

"मग पुढच्या वर्षी पंगत कोण पाहील?" मी विचारलं.

"पंगत काहाची, बाई? अमरावतीचा कॅटरर बोलावू. बुफे! आपलं ताट घ्या, उभ्यानं खा, मोकये व्हा."

खांबाला टेकून उभी असलेली रागिणी पुढे आली. "काहून? मी हाये ना. मी पाहीन पंगत."

रागिणी माझी विद्यार्थिनी. मी गावच्या शाळेत होते तेव्हा दुसरीतली ही मुलगी भंडाऱ्याच्या दिवशी पानापानावर मीठ वाढायची. पुढे ती पाणी वाढू लागली, मग भाजी. आता नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात शिफ्टवर जाते, आणि सुटीच्या दिवशी गावात कार्य असलं की नत्थुजींच्या मागे-मागे असते. तरी आराजवळचं, म्हणजे गोवऱ्यांच्या पेटत्या ढिगाजवळचं काम आमच्याकडे पुरुषांचं. बायांनी रोडगे वळायचे आणि बाजूला व्हायचं.

शेषराव हसले. "तू? सारं गाव जेवाले येते, पोट्टे. तुह्या कंपनीतला डब्बा नोहे थो."

"कंपनीत माह्या लाइनीवर पुष्कळ मानसं हायेत, मामा. थे बी तुमच्यासारखेच. आधी आयकत नाहीत, मंग आयकतात."

ओट्यावर हशा पिकला. शेषरावही हसले. मोठ्या जमिनीचा धनी, पण मनात अढी ठेवणारा माणूस नव्हे.

नत्थुजी कोपऱ्यात गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "हात चांगला हाये पोट्टीचा. तिच्यानं होईन." आणि लगेच पुढे म्हणाले, "पन सत्काराच्या टायमाले मी खुर्चीवर बसलो, तर आर कोन पाहीन?"

पुन्हा हशा. मला मात्र त्यात एक ओळखीची गोष्ट दिसली. मुलाला गणित येतं की नाही, हे त्याच्या शेजारी उभं राहून कळत नाही. मास्तरांची सावली पाटीवर पडली की मूल आकड्यांकडे कमी आणि मास्तरांच्या तोंडाकडे जास्त बघतं. चुकलं तर मास्तर भुवई उडवतील, मग खोडू, असा त्याचा हिशेब. म्हणून मी गणित घालून व्हरांड्यात जाऊन उभी राहत असे. आत थोडा गोंधळ व्हायचा, पण येणारी उत्तरं मुलांची स्वतःची असायची.

"शाल द्यायची तर द्या," मी म्हणाले, "पण सत्कार असा करा. नत्थुजींना पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर बसवा. जेवू घाला."

नत्थुजी लगेच म्हणाले, "नाही जमाचं, बाई. बसलो तरी दोन घासात उठीन मी."

"उठसान कसे?" रागिणी म्हणाली. "पंगतीतून एक उठला का पंगत उठली. सारी ओळ अर्ध्या पोटी उठीन तुमच्यापायी, काका."

हा आमच्याकडचा जुना नेम. शेजाऱ्याचं जेवण व्हायच्या आत पानावरून उठणं म्हणजे त्याच्या पुढचं अन्न ओढून घेणं. लहान मुलांनासुद्धा आम्ही हे पहिल्यांदा शिकवतो. नत्थुजींनी तर हे उभ्या गावाला शिकवलेलं.

शेषरावांनी मांडी बदलली. "ठीक हाये. रागिणी पाहीन पंगत. पन मंग माही एक अट. नत्थुजीले उठा लागलं, तर समजाचं का पोट्टीच्यानं होत नाही. पुढच्या साली बुफे. मंग कोनी तोंड नाही वाकडं कराचं."

"अन् नाही उठले तर?" रागिणीने विचारलं.

"मंग तू जान, अन् तुही पंगत जाने."

भंडाऱ्याच्या दिवशी थंडी बरी होती. देवळामागच्या मोकळ्या जागेत रागिणीने पहाटेच आर लावला. बाया जाडसर कणकेचे, पदर घालून रोडगे वळत होत्या. ते निखाऱ्यात भाजून, गोणपाटात घोळून राख झाडली की पांढऱ्या डागांचे खमंग गोळे टोपल्यात पडत. वांग्याच्या भाजीच्या मोठ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, तिने आपल्या चुलतभावाला, किशोरला उभं केलं होतं. नत्थुजी धुतलेलं धोतर नेसून आले. पळी बरोबर होतीच.

"थे काहाले आनली?" रागिणीने विचारलं.

"असू दे. हात रिकामा बरा नाही वाटत."

"जेवाले आले तुमी, काका. आराकडे फिरकू नोका."

पंगत बसली तेव्हा त्यांनी पळी पानाच्या डाव्या बाजूला ठेवली, जशी काही ती पण जेवायला आली होती. त्यांच्या एका बाजूला शेषराव, दुसऱ्या बाजूला मी. समोर दुसरी ओळ. रोडगे चुरून त्यावर तूप पडलं, भाजी आली, जयजयकार झाला आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला.

नत्थुजींचं चावणं मधेच थांबलं. माझंही. भाजी खारट होती. थोडीथोडकी नव्हे, जिभेला चरका बसावा इतकी.

काय झालं होतं ते नंतर कळलं, पण इथेच सांगते. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय रांधलेलं कोणी चाखत नाही. इतकी वर्षं मीठ नत्थुजींच्या हाताचं असायचं, त्यामुळे मीठ एकाच हातानं पडावं हे कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. त्या दिवशी किशोरने भाजीत मीठ टाकलं आणि तो रोडगे घोळायला गेला. मागून रागिणी आली. गंजाजवळ कोणी नाही, मिठाचं पातेलं भरलेलं दिसतंय, म्हणजे राहिलंच असेल, असं समजून तिनेही टाकलं. वासावरून मीठ कळत नाही, आणि चाखायची सोय नाही.

"पानी! ए, इकडे पानी आन रे!" समोरच्या ओळीतून हाका सुरू झाल्या.

शेषरावांनी घास गिळला आणि मान वळवून नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींचा डावा हात पळीवर गेला. मग तळवा जमिनीवर टेकला. एक गुडघा उचलला गेला.

"नत्थुजी," मी हळूच म्हणाले, "बसा."

"खारट झाली, बाई."

"मलाही कळलं."

"एका शब्दाचं काम हाये. एकच शब्द सांगू द्या तिले. बसल्या जागेवरून सांगतो."

"तिचं गणित आहे. तिला सोडवू द्या."

त्यांनी ओठ दाबून धरला. गुडघा तसाच अधांतरी. एवढ्यात रागिणी पाण्याची बादली घेऊन ओळीतून आली. सगळेच पाणी मागताहेत हे तिच्या ध्यानात आलं. तिने वाढप्याच्या बादलीतली थोडी भाजी तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि जागीच उभी राहिली. मग तिने पाहिलं ते थेट नत्थुजींकडे. दुसरीत असताना पाढा अडला की माझ्याकडे पाहायची, अगदी तशीच.

मला वाटलं, आता हे बोलणार. हातानं तरी खुणावणार. पण नत्थुजींनी उचललेला गुडघा खाली ठेवला, मान पानाकडे वळवली आणि दुसरा घास घेतला. तोच खारट घास, सावकाश.

रागिणी आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग गर्रकन वळून तिने चुलीकडे हाक दिली, "किशोर! वरनात मीठ टाकू नोको!"

"टाकूनच राहिलो होतो!"

"ठेव खाली! अळनीच आन. दोन्ही ओळीत एकदम सोडा वाढपी!"

आणि दोन ओळींच्या मधे उभी राहून, कंबरेवर हात ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "मंडळी, भाजी खारट झाली. माह्या हातानं झाली. वरन अळनी येऊन राहिलं हाये. रोडग्यावर भरपूर घ्या अन् भाजी त्यात कालवा. दुसऱ्या पंगतीले भाजी सुधरून देतो."

समोरच्या ओळीतले वामनराव म्हणाले, "काहो, मारोतीले बी अशीच दाखोली का?"

"दाखोली. थे काही बोलले नाहीत. तुमी बी बोलू नोका."

सगळी पंगत हसली. हसता हसता वरण आलं, पानापानावर ओघळलं, लोक कालवू लागले. अळणी वरणात खारट भाजी मिसळली की चव बेताची होते. झालीही. त्यातल्या त्यात मोठ्या खाणाऱ्यांनी तर लगेच आणखी रोडगे मागितले.

तेवढ्यात नत्थुजींचा आवाज आला, वाढताना असायचा तसा खणखणीत. "रागिणी! इकडे ये!"

शेषरावांचा हात पानावरच थांबला. रागिणी आली.

"काय पाहिजे, काका?"

"भाजी वाढ."

"भाजी?"

"बहिरी झाली काय? भाजी वाढ म्हनलं."

तिने वाढली. "अजून," ते म्हणाले. तिने आणखी वाढली. नत्थुजींनी ती वरणात कालवली, वर रोडगा चुरला आणि खाली मान घालून जेवू लागले. शेषरावांनीही आपला द्रोण पुढे केला. "मले बी वाढ. नत्थुजीनं दोनदा घेतली, अन् मी काय मांगं राहतो?"

पुढचं जेवण शांततेत झालं. शेवटी सगळ्यांची पानं संपली, तरी कोणी उठेना. सगळे नत्थुजींकडे पाहत होते. सत्काराचं पान त्यांचं, तेव्हा उठायचा मान त्यांचा. त्यांनी बोटं पुसली आणि म्हणाले, "उठा बाप्पा. दुसरी पंगत उभी हाये."

मागे चुलीवर रागिणीने गंजात बिनमिठाची उकडलेली वांगी आणि बटाटे ओतले होते. देवळात फुटलेल्या नारळांचा कीसही पडत होता. "अजून एक नारळ पाहिजे," ती म्हणाली आणि खुंटीवरच्या पिशवीत हात घालून शालीखालचा नारळ काढला.

शेषराव लगबगीनं आले. "अवो, थो सत्काराचा हाये!"

"होता. आता भाजीचा हाये," रागिणी म्हणाली आणि पायरीवर नारळ फोडला.

दुसरी पंगत झाली, तिसरी झाली. भाजीला कोणी नाव ठेवलं नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे वाढप्यांची पंगत बसली. रागिणी, किशोर, आराजवळचे सगळे, राखेनं माखलेल्या हातापायांनी. दरवर्षी या पंगतीला नत्थुजी म्हणायचे, "मी घेतो नंतर." यंदा त्यांचं जेवण झालेलं होतं. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला, पळी उचलली आणि गुडघ्यावर हात देत देत भाजी वाढायला सुरुवात केली. पहिली रागिणीच्या पानावर.

"काका, आता कशी झाली भाजी?" तिने विचारलं.

"मी नाही चाखली. तू खाय, अन् तूच सांग."

शेषराव शाल घेऊन आले. सत्कार राहूनच गेला होता. त्यांनी शालीची घडी मोडली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "नत्थुजी, मंग पुढच्या सालचं कोनाले सांगू?"

"मले काहून इचारता? मी त वाढपी हाये. तिले इचारा."

शेषराव रागिणीकडे वळले. तिचा घास तोंडात होता. तिने हातानंच थांबायची खूण केली.

"जेवून राहिली थे," नत्थुजी म्हणाले. "पंगतीतल्या मानसाले उठवू नाही. तिचं झालं का मंग इचारजा."

शाल हातावर टाकून शेषराव पंगतीच्या टोकाला उभे राहिले. रागिणी पाणी प्यायली, तिने पानातली भाजी निपटली आणि नत्थुजींना आणखी एक रोडगा मागितला.