इंजिन गेले म्हणे

मित्रांनो, माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आले असेल, तर एवढेच आले असेल की हिचे इंजिन गेले. ते खोटे आहे. मी एक जुनी, आकाशी रंगाची मोटार आहे आणि माझे इंजिन कधीच गेले नव्हते.

कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी एका रांगेत तयार झाल्या. माझे दरवाजे कुणी बसवले, काचा कुणी लावल्या, काही आठवत नाही. सिस्टरांच्या दारात आले तेव्हाच माझा खरा जन्म झाला, असे मी धरते. सिस्टर म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्या इस्पितळात परिचारिका होत्या, त्यामुळे भाजीवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा माझ्या मागच्या सीटवर गृहपाठ करत मोठा झाला. तिथला शाईचा डाग त्याचाच.

निवृत्त झाल्यावरही सिस्टर घरी बसल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. अशांपैकी एक शिंपीकाका होते. त्यांच्या पाठीची जखम भरता भरत नव्हती आणि सिस्टरांशिवाय ते कुणाला हात लावू देत नव्हते. माझा हॉर्न ऐकला की त्यांची बायको दार उघडून म्हणायची, "आलं बाई विमान." माझे कौतुक झाले ते एवढेच, पण मला ते पुरत असे.

मग माझे दुखणे सुरू झाले. धावताना मी ठणठणीत असे. पण सिग्नलला थांबले, सिस्टरांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की अंगात हुडहुडी भरे. इंजिन ठोका चुकवे, सावरे, पुन्हा चुकवे. एके दिवशी मुलगा शेजारी बसलेला असताना भर चौकात मी बंदच पडले. मागून ट्रक आला आणि आम्हांला चाटून गेला. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, आता पुरे," तो म्हणाला. "गाडी थकली, तूही थकलीस."

"तिला काय झालंय ते आधी बघू तर दे. तपासल्याशिवाय कुणाला थकलं म्हणू नये."

मला गॅरेजमध्ये नेले. मेस्त्री जुना ओळखीचा. एकदा उकळत्या पाण्याने त्याचा हात भाजला होता, तेव्हा सिस्टरांनीच रोज पट्टी केली होती. त्याने आधी प्लग बदलले. फरक पडला नाही. मग एका सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावून पाहिली, तरी थरथर होती तशीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी त्याने इंजिन चालू ठेवले आणि नुसता ऐकत उभा राहिला.

"रेस दिली की सुरळीत, सोडली की मिसिंग," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे कुठून तरी जास्तीची हवा आत घुसतेय."

वेगात असताना तेवढी चोरटी हवा खपून जाते. इंजिन सावकाश फिरू लागले की तीच घात करते. मेस्त्री एकेका नळीवर पाण्याचा बारीक फवारा मारत गेला. मागच्या एका रबरी नळीवर पाणी पडले आणि माझी थरथर क्षणभर थांबली. नळीच्या वाकणात, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर होती. त्याने नवी नळी बसवली. इतक्या दिवसांनी मी उभ्या उभ्या शांत श्वास घेतला.

मुलगा आला तेव्हा मेस्त्री खुशीत होता. "किरकोळ होतं. सिस्टरांना म्हणावं, या आणि घेऊन जा."

मुलाने माझ्या टपावर हात ठेवला. मग म्हणाला, "तिला सांगू नका. इंजिनच गेलं म्हणा."

"अहो, पण गाडी चांगलीय."

"माहितीये. पण ती बाहेर पडली की घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. माझं ती ऐकायची नाही. तुमचं ऐकेल."

मेस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. तेवढ्यात फोन वाजला. सिस्टरांचाच. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

"सिस्टर, इंजिनच गेलंय हो. नाही, आता काही होण्यासारखं नाही." मग नुसता ऐकत राहिला. शेवटी पुटपुटला, "आभार कशाला मानता."

मुलाने मला आपल्या मेहुण्याकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला धाडले. तिथे मला ना पाणी लागले, ना फडके. सीटवर धूळ साचली. एकदा मुलगा माझ्यात बसला असताना बोलण्यातून सारे कळले. सिस्टर काही दिवस बसने शिंपीकाकांकडे गेल्या, गुडघे सुजले तसे जाणे बंद झाले. जखम चिघळली, तसे काकांना इस्पितळात हलवले. ते तिथेच गेले.

"वय झालं होतं," मेहुणा म्हणाला.

"हो ना," मुलगा म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

मग एका सकाळी मुलाला घ्यायला म्हणून मेहुण्याने मला थेट सिस्टरांच्या फाटकाशी उभे केले. इंजिन गेल्याच्या थापेबद्दल त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हते. सिस्टर बाहेर आल्या. मी जागच्या जागी चालू होते, एकसुरात.

"इंजिन कधी बदललंस रे?" त्यांनी विचारले.

"इंजिन? छे, एक नळी तेवढी बदललेली, मी घ्यायच्या आधीच."

मागे दारात मुलगा येऊन उभा होता. सिस्टर त्याच्याकडे वळल्या.

"मला भीती वाटते म्हणायचंस. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, पण किल्ली दिली असती."

"आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"काकांना मी सांगितलं, गाडी गेली, आता येणं व्हायचं नाही. ते बायकोला म्हणाले, सिस्टरांना बोल लावू नकोस."

मुलाने मेहुण्याकडून किल्ली घेतली आणि त्यांच्यापुढे धरली. "घे. तुझीच आहे."

"आता कुणाकडे जाऊ?" सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र कुरकुरू लागले, तर ते मोडीत काढण्याआधी कुणाकडून तरी नीट तपासून घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही काढून घ्यायची वेळ आलीच, तर समोर बसा, खरे कारण सांगा, त्यांचे रागावणे सोसा. यंत्राच्या नावावर खोटे खपवू नका. आम्हांला उलटून बोलता येत नाही.