दोन इंच उंच

महावीर पाटलांची पाठ दुखायची, म्हणून नागाप्पा मिस्त्रीनं त्यांच्या मोटरसायकलच्या हँडलखाली दोन इंचांचे तुकडे बसवून ते उंच केलं. दिवस खंडेनवमीचा. गाडीला हार घातलेला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं. पूजेआधी लिंबू चिरडायला नको, म्हणून नागाप्पानं हँडल वळवून बघितलंच नाही. जागेवरच रेस देऊन बघितली. मग पाटील लिंबू फोडून घरी गेले.

दुपारी नागाप्पाला भिंतीवरच्या खिळ्याला, उंच हँडलसाठी आणलेली नवी लांब ॲक्सिलेटर केबल तशीच लटकलेली दिसली. गाडीत जुनी, आखूड केबलच राहिली होती. हँडल डावीकडं वळलं की ती ताणणार आणि इंजिन आपोआप रेस घेणार.

"लिंबू सांभाळत बसलास, मुडद्या!" स्वतःलाच शिवी हासडत त्यानं पाटलांच्या घरी फोन लावला. त्यांच्या आईनं, सीताबाईंनी, उचलला.

"महावीर व्हय? मघाशीच गेला की, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात. लई खूश हाय बघ तुज्यावर. म्हणत हुता, नागाप्पानं काय जादू केलीया, वळणावर गाडी आपणहून पळतीया!"