रिकामी खुर्ची

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर विजेवर चालणारी चाकांची खुर्ची ठेवली होती आणि तिची चाकं सकाळपासून गरागरा फिरत होती. बॅटरीच्या जागी होती जेवणाच्या डब्याएवढी ‘शक्तिपेटी’. तिला म्हणे चार्जिंगच लागत नाही. महाराजांनी हात फिरवला की झालं! लोक हात जोडून त्या चाकांकडे बघत होते.

“मोजू नका!” महाराज माईकवर गरजले. “मोजतो तो मुकतो! शक्ती मापात मावत नाही, भावात मावते!”

“भाव तर बाहेर पाटीवर लिहिलाय,” सायन्सच्या बाई पुटपुटल्या.

बाई शेवटच्या रांगेत स्वतःच्या खुर्चीत धुमसत बसल्या होत्या. लहानपणापासून त्यांच्या पायांत बळ नव्हतं. शाळेत जाणं-येणं याच खुर्चीवरून, चढाच्या रस्त्यानं, एकटीनं. जुनी जड बॅटरी चार्जिंगसाठी रोज काढून-घालून त्यांच्या वडिलांची, अप्पांची, कंबर कामातून गेली होती. आज पेटी घेऊनच घरी जायचं, असं अप्पांनी ठरवलं होतं.

शेजारच्या आजोबांनी महिन्यापूर्वी हीच पेटी घेतली होती. भर रस्त्यात, चढावर खुर्ची बंद पडली, मागून टेम्पो आला आणि आजोबा कायमचे अंथरुणाला खिळले. आजी जाब विचारायला आल्या, तर महाराज म्हणाले होते, “श्रद्धा कमी पडली.” ते आठवलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या खुर्ची घेऊन तडक पुढे गेल्या. अपंगांच्या कल्याणासाठी सजवलेल्या त्या मंचाला नुसत्या पायऱ्याच होत्या.

“महाराज, या चाकांखाली काय आहे?”

“शक्ती!”

“खाली वाकून बघा. हवा आहे. खुर्ची पाटावर चढवलीय, चाकं अधांतरी फिरताहेत.” बाईंनी पिशवीतून वीज मोजायचा मीटर काढला. “अप्पा, हा मीटर तारेला चिमट्यासारखा लावा बघू.”

“अगं, सगळे बघताहेत!”

“बघू देत की!”

अप्पा चरफडत वर गेले. “दोन अँपिअर.”

“आता खुर्ची खाली आणा आणि कुणीतरी बसा.”

“सिद्ध आसनावर मर्त्य माणूस बसत नाही!” महाराजांनी डोळे वटारले.

“मग माणसांना विकता कशाला?”

तेवढ्यात मागून आजी उठल्या. “महाराज, तुम्हीच बसा. तुमची श्रद्धा काही कमी पडायची नाही.”

लोकांना ते एकदम पटलं. नको नको म्हणत असताना भक्तांनीच महाराजांना मोठ्या भक्तिभावानं उचलून खुर्चीत बसवलं आणि दाराजवळ, सामान आत आणायच्या चढावर खुर्ची लावली. महाराजांनी बटण दाबलं. मोटर कण्हली. मीटर हातात धरून शेजारून चालणारे अप्पा ओरडले, “तीस!” अर्धा चढही झाला नाही तोच खुर्ची गपकन थांबली. महाराजांनी बटण दाबलं, मंत्र पुटपुटले, पेटीवर थापाही मारल्या. खुर्ची ढिम्म.

“आता कुणाची श्रद्धा कमी पडली हो?” आजींनी विचारलं.

“श्रद्धा नाही, बॅटरी कमी पडली!” बाई कडाडल्या. “अंगावर ओझं नसलं की मोटर नावापुरती वीज ओढते. ती ही चिमुकली बॅटरीसुद्धा पुरवते. माणूस बसला, चढ लागला, की तीच मोटर पंधरापट मागते. बॅटरी निवडायची ती माणूस बसवून, चढावर किती वीज लागते ते मोजून. या माणसानं तुम्हाला रिकामी खुर्ची दाखवली आणि तुम्ही पाया पडलात! अहो, काट्यावर घातल्याशिवाय तुम्ही कांदे घेत नाही. मग ज्याच्यावर आपल्या माणसाचा जीव सोपवायचा, तेच न मोजता घेता? जो मोजू देत नाही, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.”

अप्पा मान खाली घालून लेकीजवळ आले. “चल. जुनीच बरी. जड आहे, पण घरी पोचवते.”

हळूहळू सभागृह रिकामं झालं. आजी मात्र चढावर, महाराजांची वाट अडवून उभ्या होत्या. त्यांना अजून उत्तर मिळालं नव्हतं.