इंजिनाच्या पोटातलं कुंकू

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो, आणि सध्या सुप्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली पडून आहे. माझे चारही पिस्टन जिथे थांबले तिथेच जाम झालेत. पहिला आणि चौथा वर, दुसरा आणि तिसरा खाली. इंजिनाला फिरण्यावाचून दुसरं काही येत नाही, आणि मला आता तेवढंही जमत नाही. बाहेर पुणे रस्त्यावरून ट्रक धडधडत जातात आणि मी आत नुसता चरफडत बसतो. मला तोंड असतं तर एक गोष्ट मी केव्हाच चार लोकांत सांगितली असती आणि एका भल्या बाईचं गेलेलं नाव परत आणलं असतं.

माझं तारुण्य श्रीरामपूर-नेवासा रस्त्यावर एका काळी-पिवळी जीपमध्ये गेलं. गाडी नऊ माणसांची, बसायची अठरा, शिवाय टपावर कोंबड्यांचं खुराडं. मी कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही, भरपूर काळा धूर सोडून केली. पुढे ती जीप मोडीत निघाली आणि श्रीरामपुरात एका भंगारवाल्याच्या अंगणात मी पाच पावसाळे काढले. माझ्या उघड्या सिलिंडरात चिमणीने संसार थाटला होता. तेवढीच सोबत.

तिथे मला माधुरीने पाहिलं. ती आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेली. माहेर श्रीरामपूरचं, सासर सुप्याचं. सुपा फाट्यावर तिची स्वतःची शेड होती आणि चिखल-डोंगरातून जीप पळवायच्या ज्या स्पर्धा होतात, त्या गाड्यांची इंजिनं ती बांधून द्यायची. पिस्टन ज्या गोल बोअरमध्ये वर-खाली होतो, तिथे तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "जीव हाय ह्याच्यात." मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी बरं बोललं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तिने माझा स्क्रू न् स्क्रू सुटा केला, रॉकेलने धुतला, बोअर घासून नवे पिस्टन घातले. पिस्टनवरच्या रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या तर दाब निसटतो, म्हणून एकेक रिंग वळवून वळवून बसवली. सिलिंडरांवरचं जाड झाकण म्हणजे हेड, त्याचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळले. कुणी घाई करू लागलं की ती त्याला म्हणायची, "तुमी च्या पिऊन या बरं."

मला ज्याच्या जीपमध्ये बसवलं तो अजिनाथ. खडी क्रशरचा मालक, मनाचा वाईट नाही, पण कौतुकाचा भलताच भुकेला. दोन वर्षं आम्ही माळ गाजवले. गुडघाभर चिखल, छातीवर येणारे चढ, ओढ्याचं पाणी, कुठेच मी मान टाकली नाही. प्रत्येक स्पर्धेनंतर माधुरी माझं तेल काढायची, दोन बोटांत चोळून बघायची, हवेच्या फिल्टरमधला चिखल झाडायची, मगच गाडी सोडायची. हार अजिनाथच्या गळ्यात पडायचे. माझ्या वाट्याला ताजं तेल यायचं आणि मी त्यात खूश असायचो.

गेल्या दसऱ्याच्या आधी तिने माझी हवेची नळी काढली. ती चिरली होती आणि नवी यायची होती. माझं हवा ओढायचं तोंड उघडं पडलं, म्हणून तिने त्यावर फडकं घट्ट बांधलं आणि अजिनाथला बजावलं, "दादा, मी आठ दिवस न्हाई. दीक्षाभूमीला जाते, तिकडनं माहेरी. ह्या फडक्याला कुनी हात लावायचा न्हाई." दसऱ्याला नागपूरला जायचं हे तिच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. अजिनाथ म्हणाला, "बिनघोर जा, ताई."

दसऱ्याला अजिनाथच्या दारात गाडीची पूजा झाली. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, समोर पाहुणे आणि पाहुण्यांच्या हातात मोबाईल. अजिनाथने बॉनेट उघडलं. मळकं फडकं फोटोत बरं दिसेना, म्हणून सोडून ठेवलं. मग नारळ फोडून म्हणाला, "गाडीवर समदेच शिंपडत्यात, आपुन आज इंजिनाला पाजू." लोक हसले. कुंकवाने माखलेल्या नारळाचं सगळं पाणी त्याने माझ्यावर ओतलं. ते शेंडीच्या धाग्यांसकट माझ्या उघड्या तोंडातून दुसऱ्या सिलिंडरात उतरलं, कारण नेमका त्याचाच व्हॉल्व्ह उघडा होता. मी आतल्या आत किंचाळलो, पण बंद इंजिनाचं कोण ऐकतो? फोटो झाल्यावर अजिनाथने फडकं होतं तसं बांधून टाकलं. देवाचं पाणी, त्याने काय होतंय, असंच त्याला वाटलं असणार.

ती येईपर्यंत मी तिथे तसाच उभा होतो आणि माझ्या पोटात गंज धरत होता. तो कुठे धरतोय हे मला नीट कळत होतं. करता काहीच येत नव्हतं.

माधुरी परत आली, नवी नळी बसवली आणि सवयीप्रमाणे चालू करायच्या आधी पान्हा लावून मला हाताने फिरवलं. तिचा हात अडला. "जड लागतंय," ती म्हणाली. "दादा, ह्याला कुनी हात लावला हुता का?"

भोवती पाच-सहा जण उभे होते. अजिनाथने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई."

अरे, बोल की बाबा, मी मनात म्हणत होतो. त्या क्षणी खरं बोलला असता तर एका दिवसाचं काम होतं. हेड उतरवायचं, गंज घासायचा, परत बांधायचं. पण माणसांसमोर त्याची जीभ उचलली नाही. माधुरीने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. इतके दिवस उभं होतं, लागत असेल जड, असं स्वतःशी म्हणून तिने मला चालू केलं.

पारनेरच्या माळावरच्या स्पर्धेत शेवटच्या चढावर ती गंजलेली जागा मला भोवली. रिंग तुटली, पिस्टन बोअरमध्ये घट्ट अडकला आणि मी जागच्या जागी बंद पडलो. जीप मागे घसरली आणि उलटता उलटता राहिली. अजिनाथ वाचला, पण ते घसरणं शंभर मोबाईलमध्ये गेलं. बाईच्या हातचं इंजिन असंच जायचं, असं कुणी म्हणालं. पूजेला थांबली नाही म्हणून इंजिन कोपलं, असंही एक जण म्हणाला. आणि अजिनाथने जीपवाल्यांच्या ग्रुपवर स्वतःच्या बोटांनी लिहिलं, "बांधणीत खोट निघाली."

आठवड्यात तीन मालकांनी आपापल्या गाड्या तिच्या शेडमधून ओढून नेल्या. दिवाळीनंतर शेडला कुलूप लागलं. जिला अख्खं इंजिन आवाजावरून कळतं ती माधुरी आता सुप्याच्या एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहते आणि पूर्ण पाळीभर तेच चार बोल्ट आवळते. हे मला कळलं तेव्हा माझ्या जाम पिस्टनपेक्षा ते मला जास्त लागलं.

मला अजिनाथने जीपमधून उतरवून इथे स्वतःच्या शेडमध्ये टाकलं. माधुरीने दोनदा निरोप पाठवला की मला एकदा उघडून बघू द्या. त्याने दोन्ही वेळा टाळलं. शेवटी संक्रांतीनंतरच्या एका रविवारी ती अवजारांची पेटी घेऊन दारातच आली. अजिनाथची आई भीमाबाई तिला घेऊन आत आली आणि म्हणाली, "उघड गं पोरी. काय निघायचं ते निघू दे."

अजिनाथ धावत येईपर्यंत हेड उतरलं होतं. दुसऱ्या बोअरवर पाणी साचून राहिल्याची गंजाची गोल रेघ होती. माधुरीने हवेच्या वाटेत बोट घातलं. बाहेर आलं ते लाल, चिकट, त्यात नारळाच्या शेंडीचे दोन धागे.

"अरं, हे तर आपल्या ताटातलं कुक्कू," भीमाबाई म्हणाली.

अजिनाथने शेडचं दार आतून लोटून घेतलं. "चुकलं माझं, ताई. समदं नवं सामान आनतो. तू परत बांध. गपचूप."

"गपचूप कशाला? माझं नाव तर वाजतगाजत घालवलंत."

"आता ग्रुपवर काय सांगू? लोकं हसत्याल."

"मला हसले तवा तुमाला वंगाळ वाटलं न्हाई?"

भीमाबाई म्हणाली, "मग तूच टाक की गं ह्याचा फोटो."

"मी टाकला तर म्हनत्याल, हिनंच आत कुक्कू घातलं," माधुरी म्हणाली. मग अजिनाथकडे वळली. "जिथं लिवलंत तिथंच बोला, दादा. तुमच्या तोंडानं. त्या दिवशी मी पान्हा घेऊन येते."

निघण्यापूर्वी तिने काय केलं सांगू? चारही बोअरमध्ये तेल सोडलं, हेड परत बसवलं, माझं एकेक तोंड झाकणाने बंद केलं आणि ताडपत्री चारही बाजूंनी बांधली. राग त्याच्यावर होता, पण माझ्यावर फिरणारा हात होता तसाच हलका होता. जाताना म्हणाली, "हे त्याल पावसाळ्यापस्तोर टिकंल. म्होरचं तुमी बघा."

आता वैशाख सरत आलाय. अजिनाथ रोज सकाळी शेडमध्ये येतो, ताडपत्रीचा कोपरा उचलतो आणि ग्रुपसाठी निरोप रेकॉर्ड करायला मोबाईल तोंडाशी धरतो. "नमस्कार, अजिनाथ बोलतोय. माझ्या इंजिनाबद्दल..." एवढं बोलतो आणि पुसून टाकतो. एकदा तर "चूक माधुरीताईंची न्हाई" इथपर्यंत पोचला होता. मी श्वास रोखून ऐकत होतो. तेही पुसलं.

मित्रांनो, यंत्राचं तेल वेळेवर बदला, त्याचं उघडं तोंड झाकून ठेवा, हे म्हातारं इंजिन म्हणून मी सांगणारच. पण तुमच्या हातून काही चुकलं आणि कुणी सरळ विचारलं, तर त्याच वेळी सांगून टाका. चार माणसं उभी असली तरी सांगा. नंतर ते फार जड जातं, मी रोज बघतो आहे.

आज सकाळी भीमाबाई त्याच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "रोज त्या लोखंडाला काय सांगतूस? त्याला म्हाईत हाय."

तो अजून मोबाईल हातात धरून उभा आहे. मला बोलता येत नाही, मित्रांनो. त्याला येतं.